बेटांवरचं जीवन, जैवविविधता आणि पुणेकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या निसर्ग अभ्यास गटात बेटांवर बोलणं झालं की नंतर चहाबरोबर प्रश्न सुरू होतात. कुणी नुकतंच अंदमानला जाऊन आलेलं असतं, कुणी मालवणला निघालेलं असतं, कुणाचा मुलगा सागरी जीवशास्त्र शिकायचं म्हणतोय. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत. ती लपवलेली नाहीत.

पुण्याला समुद्रच नाही. मग आपण बेटांची काळजी का करायची?

पुण्याला समुद्र नसला तरी बेटांशी नातं जुनं आहे. अंदमानातली जंगलतोड थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या संस्थांमध्ये कल्पवृक्ष होती. तिचं कार्यालय पुण्यात आहे. तिच्याबरोबर अंदमानमधली सेन ही संस्था आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती. न्यायालयाने शेखर सिंग यांचा आयोग नेमला आणि त्याच्या अहवालावरून ७ मे २००२ रोजी आदेश दिला. बेटांबाहेर विकण्यासाठी नैसर्गिक जंगलातली झाडं तोडणं थांबलं. जारवा आदिवासींच्या प्रदेशातून जाणारा ट्रंक रोड बंद करायलाही सांगितलं होतं. तो मात्र तसा बंद झाला नाही, आणि याची खंत आजही वाटते.

शिवाय आपण मासे खातो, सुट्टीत बेटांवर जातो, तिथली जागा बंदराला द्यायची की नाही यावर मत देतो. एवढा संबंध पुरेसा आहे.

बेटांवरची जीवसृष्टी एवढी नाजूक का असते?

जगाच्या जमिनीपैकी साधारण ५ टक्केच जमीन बेटांची आहे. तरीही नामशेष झाल्याची नोंद असलेल्या प्रजातींपैकी ६० टक्क्यांहून अधिक बेटांवरच्या होत्या.

कारण साधं आहे. मुख्य भूमीपासून तुटलेल्या जागी जे थोडे जीव पोचले, ते हजारो-लाखो वर्षं आपल्याच पद्धतीने बदलत गेले. मांजर नाही, उंदीर नाही, मुंगूस नाही, मग उडायची गरज कशाला? काही पक्ष्यांचे पंख दुबळे झाले. मॉरिशसचा डोडो असाच होता. माणूस आणि त्याच्यासोबत आलेली जनावरं पोचल्यावर शंभर वर्षांच्या आत तो संपला.

दुसरं कारण जागेचं. नारकोंडम हे अंदमान समुद्रातलं बेट जेमतेम ७ चौरस किलोमीटरचं आहे. नारकोंडमचा धनेश जगात फक्त तिथेच राहतो. तिथे रडार बसवायचा प्रस्ताव २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने नाकारला तेव्हा काहींना ते अतिरेकी वाटलं. मला नाही वाटलं. त्या पक्ष्याला उडून जायला दुसरं रान नाही.

बेट म्हणजे फक्त समुद्रातलंच का?

अभ्यासाच्या दृष्टीने नाही. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडलेला सिद्धांत असा: बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं लांब, तितक्या कमी प्रजाती तिथे टिकतात. हा नियम पुढे जंगलांच्या तुकड्यांनाही लावला गेला.

वेताळ टेकडी बघा. एका बाजूला पाषाण, दुसऱ्या बाजूला कोथरूड, खाली लॉ कॉलेज रस्ता, सगळीकडे इमारती. तिथल्या सरड्याला किंवा सशाला तळजाईला जायचं असेल तर वाट कुठे आहे? म्हणून टेकडीतून रस्ता काढायची गोष्ट निघते तेव्हा किती झाडं जाणार एवढंच मोजून चालत नाही. एका तुकड्याचे दोन होतात आणि दोघेही आधीपेक्षा गरीब होतात. टेकड्यांवरचं बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण मी याच नजरेने बघते.

बाहेरून आणलेल्या प्राण्यांमुळे आणि झाडांमुळे नेमकं काय बिघडतं?

अंदमानात चितळ मूळचं नाही. ब्रिटिशांनी ते शिकारीसाठी आणून सोडलं. तिथे वाघ-बिबटे नसल्यामुळे कळप वाढले, आणि जंगलात नवी रोपं वर येईनात, कारण कोंब फुटला की खाल्ला जातो. इंटरव्ह्यू बेटावर लाकूडतोडीची कंपनी १९६२ मध्ये बुडाली आणि सुमारे ४० हत्ती तिथेच सोडून दिले गेले. त्यांनी केवडा, वेत, वेली यांची नासधूस केली. हत्तीचा यात काय दोष? सोडून जाणारा माणूस होता.

सर्वांत भीषण उदाहरण प्रशांत महासागरातल्या ग्वामचं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून एक तपकिरी झाडसाप तिथे पोचला. पुढच्या काही दशकांत तिथल्या मूळच्या १२ वनपक्ष्यांपैकी १० त्या बेटावरून नाहीसे झाले. पक्षी गेले म्हणून कोळी वाढले, आणि फळं खाऊन बिया पसरवणारं कुणी उरलं नाही म्हणून झाडांची नवी पिढी अडली.

पुण्यात याचा मासला हवा असेल तर नदीतली जलपर्णी बघा. टेकड्यांवरचं गिरिपुष्पही तसंच. लवकर हिरवं दिसावं म्हणून ते भरपूर लावलं गेलं. त्याखाली आपलं गवत आणि गवतातली पावसाळी फुलं मागे हटली. हिरवं दिसणं आणि जिवंत असणं यांत मोठं अंतर आहे.

लक्षद्वीपमध्ये नदी नाही, धरण नाही. मग लोक पाणी कुठून पितात?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण बेटावरच्या साधनसंपत्तीचं सगळं गणित यात आहे.

लक्षद्वीपची सगळी बेटं मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३, आणि वस्ती १० बेटांवर. पावसाचं पाणी सच्छिद्र प्रवाळी वाळूत मुरतं आणि खाली झिरपलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. हिशेब असा मांडतात, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी साठलं तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. अरुंद बेटावर वरचा फुगवटाच इंचांत मोजण्याइतका, त्यामुळे खालचा थरही पातळ. पूर्वी लोक आडातून पोहऱ्याने पाणी काढत. थोडं काढायचं, पुन्हा भरू द्यायचं. पंप आल्यावर उपसा वेगाने होऊ लागला, आणि उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं. एकदा विहीर खारी झाली की ती गोडी व्हायला पुढचे पावसाळे लागतात. त्यात शौचालयांचे शोषखड्डे त्याच वाळूत. म्हणजे पिण्याचं पाणी आणि सांडपाणी एकमेकांना अगदी खेटून.

२००५ मध्ये कवरत्तीला राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प सुरू केला. समुद्राच्या वरच्या थरातलं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोलवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ गार करायची, अशी त्याची पद्धत. नंतर मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. काम चांगलं आहे. पण पंपाला वीज लागते, आणि तिथे वीज बराच काळ मुख्यतः जहाजाने आणलेल्या डिझेलवर होत आली आहे. म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी साठवणं हे अजूनही पहिलं काम.

सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी अनेकांनी पाहिल्या असतील. ते बेट खडकाचं, त्यामुळे तिथल्या पाण्याची वाट वेगळी. पण चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी जपायचं भान तेच. खडकवासल्याची साखळी भरली की आपण निर्धास्त होतो. बेटावरच्या माणसाला असं निर्धास्त होता येत नाही.

मासेमारी सरळ बंद केली तर समुद्र वाचेल ना?

कुणाची मासेमारी, कोणती आणि कुठे, हे आधी विचारा.

लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉयला, ट्यूना गळाने पकडतात. खाजणातून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यातून, छोटे चारामासे जिवंत धरायचे, होडीतल्या पाण्यात ठेवायचे, भर समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ते फेकायचे, पाण्याचे फवारे उडवायचे आणि बिनकाट्याच्या गळाने एकेक मासा ओढून घ्यायचा. जाळ्यात कासव-डॉल्फिन अडकायचा प्रश्नच नाही. लोकांचं पोट ट्यूनावर चालल्यामुळे प्रवाळातले मासे बऱ्याच अंशी वाचले. ही मासेमारी बंद केली तर तेच हात प्रवाळाकडे वळतील. अलीकडे प्रवाळातल्या माशांना बाहेरून मागणी वाढू लागली आहे, आणि मला खरी चिंता तिची वाटते. चारामासे प्रवाळाच्या आडोशाने वाढतात. तो आडोसा गेला तर ट्यूनाही हातचा जाईल.

आपल्या किनाऱ्यावरही हेच. मालवणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणारे संघ गावाचे असतात आणि मिळालेल्या मासळीचा वाटा ठरलेला असतो. त्यांच्या समोर पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी उभी राहिली. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तरी दिवे दिसल्याच्या तक्रारी येतच राहिल्या. नियम कागदावर असून भागत नाही, रात्री समुद्रात गस्तीची होडी लागते.

कासवं वाढली, ही तर आनंदाचीच बातमी ना?

बहुतेक ठिकाणी हो. अगत्तीची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे.

अगत्तीच्या खाजणात हिरव्या कासवांची संख्या फार वाढली. ती समुद्री गवत खातात. कुरणं इतकी खुरटली की जवळजवळ संपली, आणि त्या गवतात वाढणारे मासेही कमी झाले. मच्छीमार म्हणू लागले, कासवांनी आमचं नुकसान केलं, जाळी फाडली, सरकार त्यांनाच जपतंय. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं तिथे मोजमाप केलं आणि मच्छीमारांच्या म्हणण्यात तथ्य सापडलं. एका खाजणातलं गवत संपलं की कासवं दुसऱ्या बेटाच्या खाजणात जातात, आणि तिथेही तेच घडतं.

मग कासवं मारायची का? मुळीच नाही. पण मच्छीमाराच्या तक्रारीला अडाणीपणा समजून बाजूला सारलं तर संवर्धन हा त्याच्या दृष्टीने परक्यांचा उद्योग ठरतो. नुकसान झालं हे मान्य करणं, त्याची नोंद ठेवणं आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई देणं ही तिथली पहिली पायरी आहे.

अभयारण्य जाहीर झालं की काम झालं, असं नाही का?

नाही. कधीकधी घोषणेनेच काम बिघडतं.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरवर जाहीर झालं. स्थानिकांशी पुरेसं बोलणं न झाल्यामुळे विरोध सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं धुमसत राहिला. २०२२ मध्ये निकोबारमध्ये तीन अभयारण्यं जाहीर झाली: मेरो बेटावर प्रवाळासाठी, मेंचलवर मेगापोड पक्ष्यासाठी आणि लिटल निकोबारवर चामडी पाठीच्या कासवासाठी. या जागा निकोबारी लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या रीतींनी सांभाळत आले आहेत. त्यांना न विचारता हे झालं, अशी त्यांची तक्रार आहे.

फिजीमधल्या उकुनिवानुआ गावाने १९९७ मध्ये आपल्या किनाऱ्याचा सुमारे २४ हेक्टरचा भाग तीन वर्षं बंद ठेवला. गावकऱ्यांनी शिंपले मोजायला शिकून घेतलं आणि स्वतःच मोजत राहिले. बंद भागात शिंपले वाढलेच, बाहेरच्या भागातही वाढले. ते पाहून आसपासची गावं तयार झाली आणि पुढे फिजीभर याचं जाळं उभं राहिलं.

अंदमानातही एक सुंदर उदाहरण आहे. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची जी घरटी परदेशात सूप करून खातात, ती चोरून काढली जात. पक्षितज्ज्ञ रवी शंकरन आणि वनविभाग यांनी घरटी काढणाऱ्या लोकांनाच गुहांचे राखणदार केलं. पिल्लं उडून जाईपर्यंत पहारा करायचा. पाकोळ्या वाढल्या. यांच्याच कुळातल्या भारतीय पाकोळ्या आपल्या वेंगुर्ला रॉक्स या बेटांवर आहेत.

लोक आपणहून नियम पाळतात, हे आपल्याकडे कुठे दिसतं?

देवराईत. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर भागातल्या देवरायांत वाळलेली काटकीही न उचलण्याची रीत होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचं रान तुटलं असताना या राया उभ्या असल्याचं दिसलं. वर्तक आघारकर संशोधन संस्थेत होते, म्हणजे आपल्या शहरातच हे काम झालं. फिजीतली बंद किनारपट्टी आणि वेल्ह्यातली देवराई मला एकाच जातीच्या वाटतात: देवाच्या किंवा गावाच्या नावाने घातलेली मर्यादा, आणि ती मोडणाऱ्याला विचारणारं कुणीतरी.

जिथे बाहेरच्या ठेकेदाराने पैसे मोजले तिथे देवराया तुटल्या, हेही खरं.

समुद्रच तापतोय. मग बेटावरच्या लोकांनी काय करायचं?

नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त राहिलं आणि ते काही आठवडे टिकलं, की प्रवाळ आपल्या शरीरातली शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. अन्न बनवणारं शैवालच असतं. ते लवकर परतलं नाही तर प्रवाळ मरतात. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असे तडाखे बसले. १९९८ पासून तिथलं जिवंत प्रवाळ साधारण निम्म्यावर आलं आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात हिंद महासागर शतकाला सुमारे १.२ अंश या वेगाने तापला.

बेटावरचे लोक समुद्र थंड करू शकत नाहीत, आणि तो तापवला त्यांनी नाही. त्यांच्या हातात एवढंच आहे की दोन तडाख्यांच्या मधल्या काळात प्रवाळाला सावरायला मदत करायची. पोपटमासे मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडतात, म्हणून ते पकडायचे नाहीत. खाजणात सांडपाणी सोडायचं नाही, वाळू उपसायची नाही. बाकीचं काम आपलं, म्हणजे वीज आणि इंधन जाळणाऱ्या शहरांचं.

ग्रेट निकोबार प्रकल्पाला विरोध म्हणजे विकासाला विरोध का?

माझं उत्तर: नाही. गॅलाथिया खाडीत मालवाहू जहाजांचं बंदर, शिवाय विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर असा हा प्रकल्प आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायचं आहे. गॅलाथिया खाडीचं अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द झालं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. ही खाडी म्हणजे चामडी पाठीच्या कासवाची भारतातली अत्यंत महत्त्वाची वीण होण्याची जागा. याच बेटावर राहणारे शोंपेन आदिवासी २०११ च्या जनगणनेत अवघे २२९ होते. निकोबारींच्या आदिवासी परिषदेने आधी दिलेलं ना-हरकत पत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतलं. २००४ च्या त्सुनामीत हेच बेट काही मीटर खचलं होतं. आणि तोडलेल्या जंगलाची भरपाई म्हणून हरियाणात झाडं लावायची.

देशाला बंदर लागतं, संरक्षणही लागतं, यावर वाद नाही. पण हरियाणातल्या रोपांत मेगापोड अंडी घालणार नाही. बेटावरचं वर्षावन दुसरीकडे हलवता येत नाही, आणि हे मंजुरी देतानाच उघड होतं.

पर्यटनामुळे बेटांवरच्या लोकांना पैसे मिळतात. मग जावं की नाही?

जा. पण पैसे कुणाला मिळतात ते बघा. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. तिथे दिलेला पैसा गावात राहतो, आणि कांदळवन उभं राहण्यात त्यांचा थेट फायदा असतो. मोठ्या रिसॉर्टमध्ये राहिलात तर तिथल्या शॉवरचं पाणी कुठून येतं ते विचारा.

पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर उभं राहू नका. माशांना पाव-बिस्किटं टाकू नका. होडीवाल्या दादांनी प्रवाळावर नांगर टाकला तर नम्रपणे थांबवा. गिऱ्हाईक बोललं की ते ऐकतात. आणि आपला कचरा परत आणा, कारण बेटावर डेपोला जागा नसते.

आठवण म्हणून शंख किंवा प्रवाळाचा तुकडा आणला तर चालेल?

प्रवाळ नाही. खडक बांधणारे प्रवाळ, राक्षसी शिंपला आणि समुद्री काकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कडक संरक्षण आहे, आणि किनाऱ्यावर मेलेला तुकडा सापडला असला तरी तो उचलू नये. शंखांतल्याही अनेक जाती संरक्षित आहेत. मेलेल्या शंखात साधू खेकडा राहतो, तुम्ही त्याचं घर नेत असता. फोटो काढा.

लोकजैवविविधता नोंदवही म्हणजे काय? आपण त्यात काही करू शकतो का?

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोकांकडून माहिती घेऊन नोंदवही करायला हवी: कोणती झाडं, कोणते मासे, कोणती औषधं, कोण काय जाणतं. अनेक ठिकाणी ती घाईने भरून मोकळी झाली. तुमचं मूळ गाव कोकणात असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही बघायला मागा. आजीला ठाऊक असलेल्या कालव्यांच्या जागा, खाडीत पूर्वी मिळणारे आणि आता न मिळणारे मासे, हे त्यात आहे का ते तपासा. पुण्यातही आपल्या प्रभागातल्या टेकडीसाठी आणि ओढ्यासाठी हे करता येतं.

मुलाला हे शिकायचं आहे. पुण्यात सुरुवात कुठे करावी?

आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं आणि कोरेगाव रस्त्याकडे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. पुढे आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहेच. पण आधी त्याला पोहायला शिकवा आणि एक टेकडी निवडून वर्षभर नोंदी ठेवायला सांगा. ज्याला एका टेकडीवरचे बदल टिपता येतात त्याला पुढे खाजण वाचता येतं.

मग पापलेट खायचं की नाही?

खा, पण पिल्लं नको. पापलेट २०२३ मध्ये राज्याचा मासा झाला, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे साडेतेरा सेंटिमीटरहून लहान दिसलं तर घेऊ नका आणि का घेत नाही ते मावशींना सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हा ताजी म्हणून मिळणारी मासळी कुठून आली ते विचारा. कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. आपल्यालाही तेवढं थांबता येईल. तोवर सुकट आणि सोडे आहेतच.